खिशातली विजेची पेढी

पॉवर बँक म्हणजे काय, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. भाजीच्या गाडीवर, कंडक्टरच्या पिशवीत, कॉलेजच्या दप्तरात, घरोघरी जेवणाचे डबे पोचविणाऱ्या पोरांच्या मोटारसायकलीवर ती सर्वत्र दिसते. परंतु ती वापरावी कशी, याविषयी जितकी तोंडे तितकी मते आहेत. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ज्याला भ्यावयाचे त्याला लोक भीत नाहीत, आणि ज्याला भिण्याचे काही कारण नाही त्याच्या धास्तीने अर्धमेले होतात. "वीस हजारांची बँक त्या लहान फोनला लावू नकोस, फोन जळेल!" असे मुलाला दरडावणारे गृहस्थ तीच बँक भर दुपारी स्कूटरच्या डिकीत टाकतात, आणि रात्री चार्जिंगला लावून उशीखाली घेऊन झोपतात. ही भीती उचलून तिच्या योग्य जागी नेऊन ठेवावी, एवढाच आमच्या आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

आम्ही विद्युत्-अभियंते नव्हे. आम्ही संघटनेचे काम करणारी माणसे. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या कचेरीत येणाऱ्या कामगारांच्या हातात पाना आणि पकड यांच्या जागी फोन आला, आणि फोनच्या मागोमाग ही पेटी आली. कामगाराच्या हातातले हत्यार कसे चालते, हे ठाऊक नसलेल्या माणसाने त्याच्या सुरक्षिततेविषयी बोलू नये, असा आमचा जुना दंडक आहे. म्हणून आम्ही हा विषय पुस्तकांतून, जाणत्या मिस्त्रींकडून आणि फुटक्या पेट्या उघडून पाहून समजावून घेतला.

प्रथम हिशेब. पेटीवर १०,००० असा आकडा असतो. त्यापुढे मिलीअँपिअर-तास हे माप लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे सगळी गोष्ट नव्हे. तो किती दाबाने मोजला, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आतल्या लिथियमच्या सेलचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. १०,००० मिली म्हणजे १० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणले की ३७ वॉट-तास. हा खरा साठा. ३७ वॉट-तास म्हणजे किती? ५० किलोचे पोते एक मीटर उंच उचलावयाला जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे २७० पट. एका माथाडी कामगाराने अडीचशेहून अधिक पोती ट्रकवर चढवावी, इतके काम पाव किलोहून हलक्या अशा पेटीत कोंडलेले आहे. ते काम सावकाश, तासातासाने बाहेर आले तर त्याने फोन चालतो. तेच एका मिनिटात बाहेर पडले तर त्याला आपण आग म्हणतो. पुढचे सर्व विवेचन या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

तिला बँक म्हणतात खरे, पण ही बँक व्याज देत नाही; उलट ठेवीतूनच कापून घेते. ३.७ व्होल्टचा दाब ५ व्होल्टवर चढविताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते, वायरमध्ये थोडी जाते, फोनच्या आत आणखी थोडी. धान्याच्या बाजारात घटतूट धरतात त्यातलाच हा प्रकार. म्हणून १०,००० च्या पेटीतून ५ व्होल्टच्या मापाने सहा ते साडेसहा हजारच हाती पडतात. पुष्कळ पेट्यांवर हा दुसरा आकडा बारीक अक्षरांत छापलेलाही असतो. ५,००० चा फोन अशा पेटीवर दोन वेळा नव्हे, दीड वेळाच भरतो. यात दुकानदाराने फसविले असे नाही. मात्र छापताना मोठा आकडा मोठ्या अक्षरांत आणि खरा आकडा लहान अक्षरांत का, हा प्रश्न ज्याने त्याने विचारावा.

आता त्या पहिल्या भीतीकडे वळू. मोठी पेटी लहान फोनला जाळते काय? नाही. हंडा मोठा असला म्हणून तांब्या फुटत नाही. तांब्यात मावेल तेवढेच पाणी आपण घेतो. विजेच्या प्रवाहाचेही तसेच आहे. दाब योग्य असला तर प्रवाह किती घ्यावयाचा, हे घेणारे उपकरण ठरविते. फोनच्या आत त्यासाठी स्वतंत्र नियंत्रक असतो. तो बॅटरी रिकामी असताना जोराने घेतो, भरत आली की हात आखडतो, आणि भरली की बंद करतो. २०,००० हा साठ्याचा आकडा आहे, माऱ्याचा नव्हे.

मग दाब कोण ठरवितो? इथे मात्र मौज आहे, आणि आमच्यासारख्यांना ती चटकन समजते. टाईप-सी नावाच्या नव्या चपट्या गोलसर तोंडाच्या वायरीने पेटी आणि उपकरण जोडले की, त्यांच्यामध्ये चक्क बोलणी होतात. आरंभी पेटी फक्त ५ व्होल्टच देते. नंतर ती आपली यादी पुढे करते: माझ्याजवळ ५ आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत, आणि प्रत्येक दाबावर इतके अँपिअर देता येतील. उपकरण ती यादी पाहून मागणी करते. पेटी मागणी मान्य करते, आणि करार झाल्यावरच दाब चढतो. उपकरण जुने असले, त्याला ही भाषा येत नसली, तर करार होत नाही आणि ५ व्होल्टवरच व्यवहार चालतो. मागणी नसताना पेटीने आपण होऊन २० व्होल्ट द्यावे, असे या पद्धतीत होत नाही. मालक आणि कामगार यांच्या बोलण्यांत इतका सरळपणा आम्ही क्वचितच पाहिला आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. लॅपटॉपसाठी घेतलेली १०० वॉटची पेटी साध्या फोनला लावण्यास हरकत नाही. उलट, २० वॉटची पेटी ६५ वॉटच्या लॅपटॉपला लावली, तर लॅपटॉप बहुधा ती नाकारतो किंवा रखडत भरतो; बिघडत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या आपापल्या जलद चार्जिंगच्या बोलीभाषा आहेत. एका कंपनीची पेटी दुसरीच्या फोनला लावली की वेग कमी पडतो. त्यात धोका नाही, खोळंबा आहे.

पण ज्या उपकरणांना बोलताच येत नाही, त्यांचे काय? घरातला इंटरनेटचा राऊटर पाहा. त्याला गोल पिनची वायर असते. ही पिन मुकी असते. ती काही विचारीत नाही, मागत नाही. जो दाब येईल तो निमूटपणे आत घेते. राऊटर बहुधा १२ व्होल्टचा. काही ९ चे, काही ५ चे. रक्तदाब मोजण्याची कित्येक घरगुती यंत्रे ६ व्होल्टवर चालतात. मुलांचा टेबलावरचा दिवा ५ वर. आणि गंमत अशी की, यांतल्या कित्येकांच्या पिना दिसावयाला सारख्या, आणि एकमेकींत बसतातही! वीज गेल्यावर राऊटर चालावा म्हणून बाजारात ५ चे १२ व्होल्ट करणारी वायर मिळते. ती वायर राऊटरला लावली तर उत्तम. तीच अंधारात चाचपडत ५ व्होल्टच्या दिव्याला लावली, तर दिवा त्या क्षणी जळेल. लोक ज्या जळण्याला भितात, ते खरोखर घडते ते इथे. पेटी मोठी होती म्हणून नव्हे. मुक्या पिनेला भलता दाब दिला म्हणून.

म्हणून अशी वायर घरात आणली की पहिले काम, तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून "फक्त राऊटर, १२ व्होल्ट" असे ठळक लिहावे. उपकरणाच्या पाठीवर दाबाचा आकडा आणि एक लहानसे चित्र असते. मध्यभागी अधिक की उणे, ते त्यात दाखविलेले असते. आकडा आणि चित्र दोन्ही जुळल्याशिवाय पिन घालू नये. आणखी एक हिशेब: राऊटरला १२ व्होल्ट व १ अँपिअर लागत असेल तर ते १२ वॉट झाले. तेवढे काढण्यासाठी ५ व्होल्टच्या बाजूने, घटतूट धरून, पावणेतीन अँपिअरच्या आसपास ओढावे लागतात. जुन्या पेट्यांची शक्ती २ अँपिअरचीच असते. मग ती मध्येच बंद पडते किंवा तापते, आणि लोक राऊटरला दोष देतात.

श्वासाला मदत करणारी यंत्रे, ऑक्सिजन तयार करणारी यंत्रे, अशांच्या बाबतीत मात्र हा कारागिरीचा खेळ मुळीच करू नये. यंत्र बनविणाऱ्याने सांगितलेलीच बॅटरी वापरावी. तिथे पैसा वाचविणे म्हणजे माणूस पणाला लावणे होय. २३० व्होल्टचा खटका असलेल्या मोठ्या पेट्याही आता मिळतात. त्यांच्या त्या खटक्यातील वीज भिंतीतल्या विजेइतकीच जीवघेणी असते, हे पेटी लहान व सुबक दिसते म्हणून विसरू नये. आणि इस्त्री, किटली, शेगडी अशी तापविणारी उपकरणे तिला सहसा झेपत नाहीत.

कानातले श्रवणयंत्र, बिनतारी इअरफोन, मनगटी घड्याळ यांचा प्रकार अगदी उलट. ती इतका थोडा प्रवाह घेतात की पेटीला वाटते, काम झाले. आणि ती आपण होऊन बंद होते. रात्री लावलेले श्रवणयंत्र सकाळी रिकामेच! पुष्कळ पेट्यांत यासाठी तोड असते: बटण लागोपाठ दोनदा दाबले, किंवा काहींत दाबून धरले, की ती मंद प्रवाहावर चालू राहते. आपल्या पेटीबरोबर आलेल्या कागदावर ही युक्ती लिहिलेली असते. तो कागद फेकून देण्याची आपल्याला फार घाई असते.

वायरीविषयी थोडे. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. पदपथावरची चाळीस रुपयांची वायर जुन्या फोनला पुरत असेल. जलद चार्जिंगला ती टोकाशी तापते, पिवळी पडते, आणि खाच जाळते. टाईप-सीच्या साध्या वायरीची मर्यादा ३ अँपिअर. त्यापुढे ५ अँपिअरच्या वायरीत एक लहानशी चिप असते, आणि ती पेटीला आपली ताकद सांगते. लॅपटॉपसाठी अशीच वायर घ्यावी. टोक ओले असेल, खाचेत धूळ किंवा कापडाचे तंतू अडकले असतील, तर आधी कोरडे व स्वच्छ करावे. पावसाळ्यात हे विशेष.

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. तो फोनमध्ये नाही, वायरीतही फारसा नाही. तो त्या पेटीच्या पोटात आहे. लिथियम-आयनचा सेल १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला, आणि या विद्येचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध थोर आहे यात शंका नाही. पण त्याची रचना नाजूक. धन आणि ऋण असे दोन पातळ थर एकमेकांवर गुंडाळलेले, आणि त्यांच्यामध्ये माणसाच्या केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा. सगळे भिजलेले असते ते पाण्यात नव्हे, तर पेट घेणाऱ्या द्रवात. हा पडदा एका ठिकाणी जरी फाटला, तरी दोन्ही थर एकमेकांस भिडतात, तेथे उष्णता होते, उष्णतेने शेजारचा पडदा वितळतो, आणखी भिडतात, आणखी उष्णता. एकदा हे चक्र सुरू झाले की बाहेरून बटण दाबून ते थांबत नाही.

पडदा फाटतो कशाने? पेटी जमिनीवर आपटल्याने, तिच्यावर बसल्याने, खिळा टोचल्याने. कारखान्यात राहिलेल्या धातूच्या कणाने. आणि उष्णतेने. हे सेल भरावयाचे तापमान साधारणपणे ० ते ४५ अंश. आता आमच्या चंद्रपूर-नागपूरकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. तिथे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ६० च्या वर. त्या मोटारीत समोरच्या काचेपाशी ठेवलेली पेटी, किंवा काळ्या पिशवीत फोनला जोडून पाठीवर घेतलेली पेटी, ही आधीच तापलेली असते, त्यात चार्जिंगची उष्णता मिळते. उशी, गादी, गोधडी यांखाली उष्णतेला बाहेर पडावयाला वाटच राहत नाही. पेटी स्वतः भरत असतानाच तिच्यावर फोन भरणे, हेही दुहेरी तापविणे होय. तेव्हा पेटी भरावयाची ती फरशीवर किंवा ओट्यावर, मोकळ्या हवेत, आणि माणूस जागा असताना. फार दिवस ठेवून द्यावयाची असेल तर अर्धी भरून, थंड जागी ठेवावी, आणि दर तीन-चार महिन्यांनी पाहावी. वर्षभर कपाटात पूर्ण रिकामी पडलेली पेटी पुन्हा भरण्याचा हट्ट धरू नये. अशा सेलमध्ये आतल्या आत बिघाड झालेला असू शकतो.

पेटी फुगली, तिची शिवण उकलली, गोडसर वास आला, विनाकारण गरम राहू लागली, की तिचे आयुष्य संपले. फुगवटा म्हणजे आत वायू झाला आहे. तो टाचणीने सोडू पाहणारे महाभाग आम्हांस भेटले आहेत! असे चुकूनही करू नये. पेटीने पेट घेतला तर प्रथम माणसे दूर करावी, धूर विषारी असतो तो छातीत घेऊ नये, आणि सुरक्षितपणे जमत असेल तरच दुरून भरपूर पाणी ओतावे. पेटी भिंतीच्या विजेला जोडलेली असेल तर आधी ती वीज तोडावी. इथे पाणी ज्वाळा विझविण्यापेक्षा शेजारचे सेल थंड करण्यासाठी लागते. म्हणून ते थोडे ओतून भागत नाही. विझलेली पेटी पुन्हा पेट घेऊ शकते. ती लगेच हातात घेऊ नये.

विकत घेताना काय पाहावे? भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी या वस्तूला सक्तीची आहे. पेटीवर ब्यूरोची खूण आणि आर या अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. क्रमांक खोटाही छापतात, म्हणून तपासावाच. दुसरी कसोटी आमच्या बाजारपेठेची आहे: तराजू. गोल सेल १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा असतो. चांगल्यात चांगला असला तरी त्यात साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात, आणि त्याचे वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरते. तेव्हा ५०,००० च्या पेटीत असे चौदा-पंधरा सेल हवेत. नुसत्या सेलांचेच वजन सहाशे ग्रॅमच्या वर गेले पाहिजे. २०,००० ची म्हणून दिलेली पेटी पाव किलोहूनही हलकी भरली, तर खुशाल समजावे की आकडा खोटा आहे. आणि जो आकड्यात खोटे बोलतो, तो आतल्या पडद्यात खरा वागेल असे धरून चालण्यात अर्थ नाही. नामांकित कंपन्याही चुकतात. जून २०२५ मध्ये अँकर या प्रसिद्ध कंपनीने एकट्या अमेरिकेतून सुमारे साडेअकरा लाख पेट्या आगीच्या भीतीने परत मागविल्या. फरक इतकाच की, तिथे परत मागविणारा कोणी होता. बिननावाच्या पेटीला मागे बोलावणारे कोणी नसते.

विमानाचा नियम याच कारणाने आहे. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावयाची, पोटात टाकावयाच्या सामानात नाही. कारण डोळ्यांपुढे पेटली तर पाणी ओतता येते. १०० वॉट-तासांपर्यंत, म्हणजे सुमारे २७,००० मिलीपर्यंत, मुभा, १६० पर्यंत कंपनीच्या परवानगीने, पुढे बंदी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच आगीत सापडले, आणि पॉवर बँकेच्या आतील आवरण तुटून ती लागली असावी, असे चौकशी करणाऱ्यांनी मार्चमध्ये सांगितले. त्या आगीनंतर तिथे डोक्यावरच्या फळीत पेटी ठेवण्यास मनाई झाली. हृदयाला पेसमेकर बसविलेल्यांनी चुंबकाने फोनला चिकटणारी पेटी छातीच्या खिशात ठेवू नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

आतापर्यंत आपण घरातल्या माणसाचा विचार केला. त्याला पेटी बाजूला ठेवता येते, सावलीत नेता येते. ज्याचे पोटच फोनवर आहे, त्याला तशी सवड नाही. डबे पोचविणाऱ्या पोराचा फोन बंद पडला तर त्याची पाळी तेथेच संपते. अंगणवाडीच्या ताईंना २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवर नोंदी कराव्या लागतात. गावात वीज नसली तरी नोंदी चुकत नाहीत. गिरणीत चाते मालकाचे होते, त्याची देखभाल मालकाची होती. इथे फोन त्याचा, पेट्रोल त्याचे, आणि पेटीही त्याचीच; म्हणून ती स्वस्तातली असते, आणि मे महिन्याच्या उन्हात आठ-दहा तास फोनला जोडलेली, पाठीला चिकटलेली असते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांस कायद्यात नाव दिले, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नाव मिळाले, हत्याराचा खर्च कोणाचा, हा प्रश्न उरला. नोंदणीकृत पेटी व धड वायर कामाबरोबर मिळावी, आणि दुपारी सावलीत बसून फोन भरण्याची जागा असावी, या दोन मागण्या आम्ही आमच्या मागणीपत्रांत घालू लागलो आहोत. त्यांचा खर्च एका अपघाताच्या खर्चाहून पुष्कळ कमी आहे.

आणि पेटी मेल्यावर ती जाते कोठे? बहुतेक घरांत ती निमूटपणे सुक्या कचऱ्याच्या डब्यात जाते. पुढे कचरा दाबणाऱ्या गाडीत तिच्यावर लोखंडी फळी येते, आणि मघा सांगितलेला पातळ पडदा तिथे फाटतो. गाडीजवळ उभा असतो तो सफाई कामगार. किंवा भंगाराच्या दुकानात एखादा पोरगा हातोडीने ती फोडून पाहतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे; तेव्हा ज्या कंपनीची पेटी, तिच्या सेवाकेंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात ती द्यावी. देईपर्यंत तिच्या तोंडांवर चिकटपट्टी लावून, इतर सामानापासून वेगळी, मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवावी. फुगलेली असेल तर घराबाहेर, सावलीत. आणि कचरा नेणाऱ्या माणसाच्याच हाती द्यावी लागली, तर निराळी पिशवी करून, "ह्यात बॅटरी आहे, दाबू नका" असे त्याला तोंडाने सांगून द्यावी.